ओला सडा, कोरडी शीट : वाचकांचे प्रश्न

पावसाळ्यात सडे (उघड्या कातळाचे माळ) आणि पठारे पाण्याने भिजली की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा रोखही तिकडेच वळतो. या वेळी जवळजवळ सगळे प्रश्न एकाच गोष्टीचे आहेत: कातळावरच्या पाणथळ जागांतली चिमुकली झाडे वाळवून हर्बेरियमसाठी, म्हणजे कागदी शीटवर लावलेल्या वाळक्या झाडांच्या संग्रहासाठी, ठेवायची कशी, आणि ठेवलेल्या जुन्या नोंदी वाचायच्या कशा. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : सीतेची आसवे उपटून आणली. घरी पोहोचेपर्यंत फुले गळली, मुळाशी काहीच सापडले नाही आणि कागदावर नुसता एक दोरा उरला. काय चुकले? (विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उपटली, हेच चुकले. सीतेची आसवे म्हणजे युट्रिक्युलेरिया. या प्रजातीला खरी मुळे नसतातच. मातीत केसांइतके बारीक धावते देठ पसरलेले असतात आणि त्यांवर किडे पकडणाऱ्या, जेमतेम मिलिमीटरभराच्या पिशव्या असतात. वरचा देठ धरून ओढला की तो तुटून हातात येतो आणि खालचे सगळे चिखलात राहते. ओळख पटवायला लागणारा निम्मा भाग तिथेच गेला.

त्यासाठी बोथट सुरीने मातीचा ढेकूळच उचला: साधारण पाच-सहा सेंटिमीटर रुंद आणि तीन-चार सेंटिमीटर खोल. सड्यावर कातळाच्या वर माती बहुधा तेवढीच असते. तो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नका, पिशवी दबते. झाकणाच्या उभ्या डब्यात ठेवा. जागेवरच दोन-तीन ताजी फुले छोट्या बाटलीत 70 टक्के अल्कोहोलमध्ये टाका, कारण फुलाचे ओठ आणि मागचा शेपटीसारखा भाग प्रेसमध्ये (झाडे दाबून वाळवायच्या चौकटीत) दबला की त्याचा आकार पुन्हा कळत नाही. बाटलीत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आतच घाला. अल्कोहोल सांडले की बाहेरची शाई पहिली जाते.

घरी पांढऱ्या ताटात पाणी घेऊन ढेकूळ तासभर भिजत ठेवा. चित्रकलेच्या मऊ कुंचल्याने माती हलकेच सुटी करा, पाणी दोन-तीनदा बदला. झाड मोकळे तरंगू लागले की त्याच्याखाली जाड पांढऱ्या कागदाचा तुकडा सरकवा, देठ आणि धावते देठ कुंचल्याने पसरवा आणि कागदाचे एक टोक आधी वर उचलत तो तिरका बाहेर काढा. पाणी एका बाजूने निथळते आणि झाड जसे पसरले होते तसेच कागदावर बसते. सपाट उचलाल तर पाणी मधोमध साचून सगळा गुंता होतो. वर मलमलीचा तुकडा, खाली-वर टीपकागद. पहिले टीपकागद चार ते सहा तासांत बदला, त्यानंतर रोज एकदा. झाड वाळले की मलमल अलगद निघते, पण झाड कागदालाच चिकटलेले राहते. ते सोडवू नका. तो तुकडाच शीटवर लावायचा. तळ्यात तरंगणाऱ्या पिवळ्या युट्रिक्युलेरिया ऑरियासाठीही हीच पद्धत आहे, फक्त ताट मोठे लागते.

एक गोष्ट आवर्जून करा: फळ धरलेली रोपेही घ्या. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातले पीटर टेलर यांनी 1989 साली या प्रजातीचा जो मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात फुलाच्या देठाखालचे छोटे खवले बुडाशी जोडलेले आहेत की मधोमध, आणि बी कसे दिसते, यांना फार महत्त्व आहे. नुसत्या जांभळ्या फुलांची शीट दिसायला सुंदर असते आणि तिच्यावरून जात ठरत नाही.

प्रश्न : दवबिंदूची पाने वर्तमानपत्राला चिकटून फाटतात. चिकटलेले किडे काढून टाकावेत का? (मालवण)

वर्तमानपत्राऐवजी बेकरीवाले वापरतात तो बटर पेपर घ्या. झाड त्याच्या दोन तुकड्यांमध्ये ठेवा आणि मगच टीपकागदाच्या घडीत सरकवा. वरचा तुकडा तीन-चार दिवस उचलून पाहू नका. चिकट स्राव पुरता सुकला की तो आपोआप सुटतो. अर्धवट वाळलेले पान उचलले की केसांचे शेंडे, म्हणजे ओळखीचा मुख्य भाग, कागदावर राहतो. दवबिंदूचा लाल रंग पुष्कळदा कागदात उतरतो आणि शेजारच्या नमुन्यालाही डाग पडतो, म्हणून त्याची घडी गठ्ठ्यात सगळ्यात वर ठेवा.

किडे? बारीक असतील तर राहू द्या. झाड काय खात होते याचीही ती नोंदच आहे. माशी किंवा नाकतोडा असा मोठा ऐवज मात्र चिमट्याने काढा. तो वाळायच्या आधी सडतो आणि बुरशी तिथूनच सुरू होते. काढलेला किडा कागदी पुडीत घालून त्याच शीटला जोडा.

दवबिंदूच्या, म्हणजे ड्रोसेराच्या, आपल्याकडे सड्यावर नेहमी भेटणाऱ्या दोन जाती वाळल्यावरही ओळखू येतात. ड्रोसेरा बर्मानीची पाने जमिनीलगत चक्रासारखी बसतात आणि फुलात पाच न फुटलेल्या कुक्षिवृंती (स्त्रीकेसराच्या वरच्या दांड्या) असतात. ड्रोसेरा इंडिकाला उभे खोड आणि लांब दोऱ्यांसारखी पाने असतात, कुक्षिवृंती तीन आणि प्रत्येक बुडापर्यंत दुभंगलेली. बर्मानीचे चक्र दाबताना एक-दोन रोपे पालथी ठेवा, म्हणजे पानांची खालची बाजू आणि देठही दिसतो.

प्रश्न : जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात काहीच वाळत नाही. चार दिवसांत बुरशी. इस्त्री फिरवली तर चालेल का? (शिक्षक, रत्नागिरी)

इस्त्री नको, मायक्रोवेव्हही नको. दोन्हींनी झाड वरून कडक आणि आतून ओले राहते, पानांचा रंग भाजतो आणि पुढे कोणाला त्यातून डीएनए काढायचा झाला तर तो तुटलेला निघतो.

अडचण उष्णतेची नसते, हवेची असते. ओल बाहेर जायला वाटच नसेल तर प्रेस कितीही तापवा, आत वाफ कोंडून नमुना उकडतो. म्हणून प्रत्येक दोन-तीन नमुन्यांमागे पन्हाळी पुठ्ठ्याचा एक तुकडा घाला. पुठ्ठ्याच्या नळ्या प्रेसच्या आखूड बाजूला समांतर असाव्यात, म्हणजे हवेला कमीत कमी अंतर कापावे लागते. प्रेस लांब कडेवर उभी करा आणि नळ्यांची तोंडे खाली-वर येतील अशी दोन विटांवर ठेवा. खाली एक जुन्या पद्धतीचा 60 किंवा 100 वॅटचा बल्ब, भोवती वरून उघडे लाकडी खोके. एलईडी दिवा इथे उपयोगाचा नाही, तो पुरेसा तापत नाही. आतले तापमान 40 ते 45 अंश सेल्सिअस पुरते. बल्ब आणि कागद यांत किमान वीतभर अंतर ठेवा आणि रात्री लावून झोपू नका. खोक्याला आग लागण्याचे कारण बहुधा सैल सुटलेला पट्टा आणि बल्बवर घसरलेला कागद हेच असते.

पट्टे रोज आवळावे लागतात, कारण झाडे वाळतात तसा गठ्ठा बसतो. सैल प्रेसमध्ये पाने सुरकुततात. वाळले का, हे पाहायला नमुना गालाला लावा. गार लागला तर आत ओल आहे.

दौऱ्यावर असाल आणि वीजच नसेल तर दुसरा उपाय: नमुने वर्तमानपत्रात घालून गठ्ठा बांधा, जाड पॉलिथिनच्या पिशवीत ठेवा, त्यावर कागद भिजेल इतके 60-70 टक्के अल्कोहोल ओता आणि पिशवी हवाबंद करा. काही आठवडे बुरशी धरत नाही, परत आल्यावर प्रेसमध्ये वाळवा. मात्र पाने तपकिरी पडतात आणि डीएनएच्या कामाला नमुना जवळजवळ बाद होतो. त्यामुळे अल्कोहोल ओतण्याआधी पानाचा छोटा तुकडा सिलिका जेलमध्ये बाजूला ठेवा. पानाच्या वजनाच्या किमान दहापट जेल हवे. अल्कोहोल ज्वलनशील आहे आणि एसटीच्या गर्दीत पिशवी फुटते, हे वेगळे सांगायला नको.

प्रश्न : हल्ली मोबाइलवर इतके स्पष्ट फोटो निघतात. मग झाड तोडून वाळवायचेच कशाला? (पुणे)

ड्रोसेरासाठी, वायतुऱ्यासाठी (अपोनोजेटॉन), बहुतेक मोठ्या फुलांसाठी, फोटो पुरतो. जिथे पुरतो तिथे झाड तोडू नका, असेच आमचे मत आहे. पण सड्यावरच्या पाणथळीत असे गट आहेत जिथे फोटो जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

गेंद घ्या, म्हणजे एरिओकॉलॉन. सगळी पांढरी गोल बोंडे, सगळी सारखी. जात ठरते ती बोंडातल्या दीड-दोन मिलिमीटरच्या फुलांवरून: मादी फुलाची निदले सुटी की जोडलेली, पाकळ्यांवर काळी ग्रंथी आहे की नाही, परागकोश काळे की पांढरे आणि बीच्या पृष्ठावरची नक्षी. यासाठी बोंड पाण्यात उकळून, सुईने फोडून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. म्हणजे नमुना लागतोच. गेंदाची कोवळी आणि पक्की, दोन्ही प्रकारची बोंडे घ्या. पक्क्या बोंडातून बी सांडते, म्हणून प्रत्येक शीटला कागदी पुडी जोडा. बरेच जण सप्टेंबरमध्ये फुलांच्या सड्यावर जातात आणि कोवळे बोंड घेऊन येतात. त्याच जागी ऑक्टोबरमध्ये पुन्हा गेलात तर त्या शीटला खरा अर्थ येतो.

आयसोइटीसचे तर फोटोवरून नावही सुचत नाही. डबक्यात उगवलेले बारीक गवत वाटते. ते फर्न गटाजवळचे बीजाणूधारी झाड आहे आणि त्याची जात मोठ्या बीजाणूंच्या पृष्ठावरून ठरते. हे बीजाणू बाहेरच्या, जुन्या पानांच्या फुगीर बुडात असतात, त्यामुळे पूर्ण रोप गड्ड्यासकट हवे आणि वाळवताना बुडाचा भाग वेगळ्या पुडीत हवा. पाचगणीच्या टेबललँडवरून या प्रजातीच्या जातींचे वर्णन झाले आहे, तेव्हा आपल्याकडे ही काही दुर्मीळ कुतूहलाची गोष्ट नव्हे. लोक तिच्यावर पाय देऊन जातात एवढेच.

किती घ्यावे, हेही लोक विचारतात. वीस रोपांमागे एक हा पुष्कळ जण पाळतात तो ढोबळ नियम आहे. त्या डबक्यात वीस रोपे नसतील तर फोटो काढा आणि निघा.

प्रश्न : लेबलवर नेमके काय लिहायचे? आमच्या कॉलेजच्या शीटवर नाव, कुळ, तारीख आणि ‘कास’ एवढेच असते. (प्राध्यापिका, सातारा)

‘कास’ एवढ्यावरून कोणालाही त्या जागी परत जाता येत नाही. कास पठार मोठे आहे, आणि कातळावरचा ओलसर थर, साचलेले डबके, झऱ्याची कड आणि तळ्याचा काठ इथली झाडे वेगवेगळी आहेत. हर्बेरियमच्या शीटचे आयुष्य शे-दोनशे वर्षांचे असते. लेबल लिहिताना, आपल्याला न ओळखणारा माणूस ते वाचणार आहे असे धरून लिहा.

जागा: गाव, तालुका, जिल्हा, राज्य आणि सड्याचे किंवा वाडीचे स्थानिक नाव. ते नाव देवनागरीत लिहा, जसे तिथले लोक म्हणतात तसे. बाकीचे लेबल इंग्रजीत असले तरी हे देवनागरीतच असू द्या. रोमन लिपीत ‘ड’ आणि ‘ळ’ गेले की पन्नास वर्षांनी ती वाडी नकाशावर सापडत नाही. अक्षांश-रेखांश दशांशात, चार दशांशस्थळांपर्यंत लिहा. चौथ्या स्थळाचा अर्थ साधारण 11 मीटर. फोनने किती मीटरची अचूकता दाखवली तेही लिहा. उंची नकाशावरून घ्या, फोनची उंची बऱ्याचदा चुकते. हा तपशील क्षुल्लक नाही: रत्नागिरीचा सडा शे-दोनशे मीटरवर आहे, कास सुमारे 1200 मीटरवर, आणि तेच झाड दोन्हीकडे वेगळ्या महिन्यात फुलू शकते.

पाणी: ही ओळ पाणथळीच्या शीटवर सगळ्यात जास्त कामाची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी. रोप पाण्यात होते की ओल्या मातीत, पाण्याची खोली किती सेंटिमीटर, पाणी वाहते की साचलेले, खाली जांभा की बेसाल्ट, मातीचा थर किती. शेजारी काय उगवले होते, त्यातली दोन-तीन नावे.

रंग: जिवंत असतानाचा. युट्रिक्युलेरियाचा निळा-जांभळा आठवड्यात उडतो. ‘फिकट जांभळा, घशाशी पिवळा ठिपका’ असे लिहा. नुसते ‘सुंदर निळे’ कोणाच्या कामाचे नाही. फोटो काढताना कडेला पांढरा कागद धरा, म्हणजे रंग पडताळता येतो.

क्रमांक: गोळा करणाऱ्याचा स्वतःचा, आयुष्यभर एकच चढता क्रम. दरवर्षी 1 पासून सुरू करणारे लोक दोन वर्षांनी स्वतःच्याच शीटमध्ये हरवतात. क्रमांक जागेवरच वहीत आणि नमुन्याच्या चिठ्ठीवर, दोन्हीकडे एकाच वेळी लिहा. घरी जाऊन लिहू म्हटले की चिठ्ठ्यांची अदलाबदल होते. ती पुढे कोणालाही कळत नाही आणि चुकीची नोंद खरी म्हणून टिकून राहते.

शाई कायमची, कागद आम्लरहित, शीट 42 गुणिले 29 सेंटिमीटरच्या आसपास, लेबल खालच्या उजव्या कोपऱ्यात. झाड सेलोटेपने चिकटवू नका. तो पिवळा पडतो, सुटतो आणि झाड घेऊन सुटतो. बारीक कापडी किंवा कागदी पट्ट्या आणि जाड देठाला दोऱ्याचा टाका पुरे.

प्रश्न : एका जुन्या शीटच्या फोटोवर ‘मलबार, कोकण वगैरे, स्टॉक्स, लॉ वगैरे’ असे छापलेले आहे. यावरून आमच्या तालुक्यात ते झाड होते असे म्हणता येईल का? (निसर्ग मंडळ, सिंधुदुर्ग)

नाही. ते लेबल छापील आहे आणि हूकर आणि थॉमसन या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञांनी वाटलेल्या भारतीय नमुन्यांवर अशी लेबले खूप दिसतात. स्टॉक्स आणि लॉ या मुंबई इलाख्यातल्या दोघांनी आणि इतरांनी जमवलेल्या नमुन्यांना एकच ढोबळ पत्ता दिलेला आहे. ‘वगैरे’ या शब्दाने जागाही झाकली आणि माणूसही. त्यातून एवढेच कळते की पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास ते झाड कोणीतरी पाहिले होते.

जुन्या नोंदी वाचताना जिल्ह्यांच्या सीमा तपासा. सिंधुदुर्ग जिल्हा 1981 साली रत्नागिरीतून वेगळा झाला, त्यामुळे त्याआधीच्या शीटवरचे ‘रत्नागिरी जिल्हा’ म्हणजे तुमचा सावंतवाडीचा सडाही असू शकतो. कुलाबा म्हणजे आजचा रायगड. उत्तर कानडा 1862 ते 1956 मुंबईकडे होता, म्हणून थिओडोर कूक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिसूचीतली कितीतरी झाडे महाराष्ट्रात नसून कर्नाटकातली आहेत. आंबोली तर निदान तीन: एक सावंतवाडीजवळची, एक त्र्यंबकजवळची आणि एक मुंबईच्या अंधेरीतली. नुसते ‘आंबोली’ वाचून घाटातली धरू नका. गोळा करणारा त्या आठवड्यात कुठे होता, हे त्याच्या आधीच्या-नंतरच्या क्रमांकांवरून शोधा. बहुतेक गुंते तसेच सुटतात.

आणखी दोन सापळे. जीबीआयएफसारख्या जागतिक माहितीसाठ्यात एकाच नमुन्याच्या प्रती क्यू, कोलकाता आणि मुंबई अशा तीन ठिकाणी असतील तर तीन नोंदी दिसतात. गोळा करणाऱ्याचे नाव, क्रमांक आणि तारीख जुळली तर ती एकच आहे, तीन म्हणून मोजू नका. दुसरे, जुन्या शीटला अक्षांश-रेखांश नंतर कोणीतरी जोडलेले असतात आणि कित्येकदा ते नुसते जिल्ह्याचा मध्य असतात. गेंदाचा ठिपका समुद्रात पडलेला दिसला तर झाडाला दोष देऊ नका.

आणि शीटवरच्या चिकटवलेल्या छोट्या पट्ट्या वाचा. प्रत्येक पट्टी म्हणजे कोणा तज्ज्ञाने नंतर दिलेला निर्णय, तारखेसह. शेवटची पट्टी धरा, पण देणारा कोण आहे तेही पाहा.

नोंद नाही याचा अर्थ झाड नाही, असा काढू नका. पूर्वीचे संग्राहक रेल्वे आणि थंड हवेच्या ठिकाणांभोवती फिरले: खंडाळा, महाबळेश्वर, कॅसलरॉक. कोकणातले पावसाळी सडे त्या काळी पोहोचायला अवघड होते आणि उन्हाळ्यात तिथे काहीच दिसत नाही.

प्रश्न : कॉलेजच्या जुन्या कपाटातल्या शीटवर काळसर-राखाडी डाग आहेत आणि कंदांना भोके पडली आहेत. स्वच्छता मुलांकडून करून घ्यावी म्हणतो. (प्रयोगशाळा साहाय्यक, सांगली)

मुलांकडून अजिबात नको. कपाट उघडताना खिडक्या उघडा आणि नायट्रिलचे हातमोजे घाला. आपल्याकडे नमुने कीड लागू नये म्हणून मर्क्युरिक क्लोराईडच्या अल्कोहोलमधल्या द्रावणात बुडवण्याची पद्धत अनेक दशके होती. तो पारा कागदात राहतो, राखाडी डाग पुष्कळदा त्याचेच असतात, आणि बंद कपाटात त्याची वाफ साठते. शीटवरची धूळ फुंकर मारून उडवू नका, कोरड्या झाडूने झाडू नका. डबा-चहा त्या खोलीत नको, काम झाल्यावर साबणाने हात धुवा. कपाटाच्या दारावर ‘पाऱ्याची शक्यता’ अशी पाटी लावा, म्हणजे पुढच्या माणसालाही कळेल. आज नव्या नमुन्यांना हे विष लावण्याचे काहीच कारण नाही.

भोके कोणी पाडली? बहुधा सिगारेट बीटल हा भुंगेरा किंवा ड्रगस्टोअर बीटल हा त्याचा भाऊबंद. वायतुऱ्याचा पिठूळ कंद त्यांना फार आवडतो. असे कंद वाळवण्याआधी उभे दोन काप करून ठेवायचे असतात, अखंड ठेवले की आत ओल राहते आणि अळीला घरच मिळते. उपाय थंडीचा आहे: शीट्स पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 20 ते 30 अंशांत किमान आठवडाभर ठेवा. घरगुती डीप फ्रीजर उणे 18 पर्यंतच जातो, त्यात दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी पूर्ण दिवसभर उघडू नका. थंड कागदावर लगेच दव धरते आणि कीड मेली तरी बुरशी येते. नेफ्थलीनच्या गोळ्यांनी किडे फक्त थोडे दूर राहतात, मरत नाहीत.

प्रश्न : मी अमेरिकेत असतो. सुटीत गावच्या सड्यावरून दवबिंदू आणि युट्रिक्युलेरियाचे वाळलेले नमुने इथल्या विद्यापीठातल्या मित्राला नेऊन देऊ का? (मूळचे देवगडचे वाचक)

परवानगीशिवाय नको. जैवविविधता कायदा, 2002 प्रमाणे परदेशी नागरिकाला, आणि आयकराच्या व्याख्येने अनिवासी ठरणाऱ्या भारतीय नागरिकालाही, संशोधनासाठी भारतातले जैविक साहित्य घ्यायचे तर राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. वाळलेले झाड आणि बीसुद्धा त्यातच मोडते. फोटो काढायला हा प्रश्न येत नाही. तेव्हा मित्राला फोटो आणि जागेचे सविस्तर वर्णन पाठवा, नमुना इथल्या हर्बेरियमला द्या आणि त्याला त्यांच्याकडून अभ्यासासाठी रीतसर मागू द्या.

भारतात राहणाऱ्यांनाही दोन गोष्टी लागतात. सडा वनखात्याच्या ताब्यात असेल तर वनखात्याची लेखी परवानगी. कास राखीव वनात आहे आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळाचा भाग आहे, तिथे फूल तोडणेही बेकायदा. सडा खाजगी किंवा सामाईक असेल तर मालकाची किंवा ग्रामपंचायतीची. कोकणातल्या बऱ्याच सड्यांवर कातळशिल्पे आहेत, ढेकूळ काढताना तिथे सुरी चालवू नका.

प्रश्न : तयार शीट कुठे द्यायची? घरच्या फाइलमध्ये ठेवली तर नोंद धरली जाते का? (अनेक वाचक)

घरच्या फाइलमधली शीट इतरांना पाहता येत नाही, म्हणून तिचा आधार देता येत नाही. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र आणि आघारकर संशोधन संस्था, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ, मुंबईत सेंट झेवियर्स महाविद्यालयातले ब्लॅटर हर्बेरियम. यांची संकेताक्षरे अनुक्रमे बीएसआय, एएचएमए, एसयूके आणि बीएलएटी अशी जगभर ओळखली जातात आणि कोणत्याही संशोधनलेखात ती याच रूपात येतात. नवीन जात सापडल्याचा दावा असेल तर नमुना सरकारने नेमलेल्या भांडारातच जमा करावा लागतो, वनस्पतींसाठी भारतीय वनस्पती सर्वेक्षण हे त्यांपैकी एक.

शीट बगलेत मारून थेट दारात जाऊ नका. आधी क्युरेटरला कळवा: किती शीट, कुठल्या जागेच्या, परवानगीची प्रत, ओळख कोणी पटवली. एकाच क्रमांकाची रोपे पुरेशी असतील तर दोन-तीन प्रती करा आणि वेगळ्या संस्थांना द्या. एका ठिकाणी पाणी शिरले किंवा कीड लागली तरी दुसरी प्रत राहते. बाटलीतली फुले वेगळी जातात, त्यामुळे बाटलीवर आणि शीटवर तोच क्रमांक आहे ना ते देण्याआधी तपासा. स्वीकारल्यावर संस्था स्वतःचा नोंदक्रमांक देते. तो तुमच्या वहीत त्याच नमुन्यापुढे लिहून ठेवा, कारण पुढे कोणी पत्र पाठवून चौकशी केली तर तो क्रमांकच विचारतील.